शेफील्डचा घडीचा चाकू

जुन्या वस्तू जमविणाऱ्यांत नाणी जमविणारे पुष्कळ, पोस्टाची तिकिटे जमविणारे त्याहून अधिक. घडीचे चाकू जमविणारे आपल्याकडे फार थोडे. इंग्लंड-अमेरिकेत मात्र हा छंद चांगला रुजलेला आहे. तेथे संग्राहकांची मंडळे आहेत, किमतींची पुस्तके आहेत, आणि शंभर वर्षांपूर्वीचा, कधीच न वापरलेला एखादा चाकू हाती लागला तर त्यासाठी भरपूर पैसे मोजणारी माणसेही आहेत. या छंदाचे काशीक्षेत्र म्हणजे उत्तर इंग्लंडमधील शेफील्ड शहर.

युनियनचे काम करणाऱ्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत येऊन चाकूवर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल, काहींना थोडी धास्तीही वाटेल. धास्तीचे कारण नाही. मी सांगणार आहे तो पेन्सिलीला टोक काढण्याचा, सुतळी तोडण्याचा, पेरू चिरण्याचा चाकू. आणि युनियनचे म्हणाल, तर कामगार संघटनांच्या इतिहासात या चाकूच्या गावाला जेवढी जागा आहे तेवढी फार थोड्या गावांना मिळाली आहे.

आधी वस्तूची ओळख करून घेऊ. रामपुरी चाकू हिंदी चित्रपटांनी घरोघरी पोहोचविला. तो उघडला की अडकतो, आणि कळ दाबल्याशिवाय मिटत नाही. शेफील्डच्या पारंपरिक चाकूला अशी कळ नाही. त्याच्या पाठीशी एक पोलादी कमान असते आणि सगळी करामत त्या कमानीची. पात्याच्या बुडख्याला सपाट बाजू घासलेल्या असतात. पाते पूर्ण उघडे असते तेव्हा कमान एका सपाट बाजूवर दाबून बसते; मिटलेले असते तेव्हा दुसऱ्या बाजूवर. मध्ये बुडख्याचा कोपरा येतो, तो कमानीला उचलतो, आणि तेवढे अंतर ओलांडायला बोटांना जोर लावावा लागतो. चाकू उघडा राहतो तो कमानीच्या जोरावर आणि मिटलेला राहतो तोही तिच्याच जोरावर. इंग्लंडच्या १९८८ च्या कायद्यानेही हा फरक मानलेला आहे. तीन इंचांपर्यंत धारेचा, मिटणारा चाकू खिशात बाळगायला तेथे कारण सांगावे लागत नाही. अडकणारा चाकू मात्र या सवलतीत बसत नाही, असा तेथील न्यायालयाचा निर्वाळा आहे.

कमानीच्या दोन्ही अंगांना पितळेच्या पातळ पट्ट्या, त्यांवर मुठीच्या फळ्या, टोकांना धातूच्या टोप्या, आणि हे सारे एकत्र धरणारे खिळे. फळ्या हाडाच्या, शिंगाच्या, आबनूसच्या, शिंपल्याच्या किंवा हस्तिदंताच्या. पाते उघडण्यासाठी त्याच्यावर नखाची एक खाच. इतकेच सामान, पण ते जुळविणे सोपे नाही. पात्याला पाणी द्यायचे ते धार टिकावी म्हणून, कमानीला द्यायचे ते ती लवावी आणि मोडू नये म्हणून. दोघांचे पाणी वेगळे. चाकू उघडा असो वा मिटलेला, कमानीची पाठ मुठीच्या पाठीशी अगदी सपाट लागली पाहिजे, अंगठा फिरविला तर काठ लागता कामा नये. हे साधायचे ते कानशीने, पुन्हा पुन्हा जोडून आणि सोडवून. जाणकार मंडळी चाकू हाती घेतल्यावर त्याची ‘चाल’ आणि त्याचा ‘बोल’ पाहतात. चाल म्हणजे पाते किती एकसारखे फिरते ते, आणि बोल म्हणजे ते जागेवर बसताना होणारा ‘टक्’ असा आवाज. चांगला चाकू स्पष्ट बोलतो. बोल बोदा आला की समजावे, कमान थकलेली आहे किंवा मुळातच कामचुकारपणा झालेला आहे.

शेफील्डलाच हा धंदा का वाढला? त्या शहराजवळ पाच नद्या-ओढे डोंगरातून वेगाने उतरतात, त्यांवर पाणचक्क्या बसल्या. सहाणेला योग्य असा वाळूचा दगड जवळच, कोळसाही जवळ. चौदाव्या शतकातल्या चॉसर या कवीच्या काव्यातदेखील शेफील्डच्या सुरीचा उल्लेख सापडतो. १६२४ मध्ये पार्लमेंटच्या कायद्याने तेथे चाकूकारांची पंचायत, कटलर्स कंपनी, स्थापन झाली. कोणी कोणते चिन्ह ठोकायचे ते ती ठरवी. पुढे १७४० च्या सुमारास बेंजामिन हंट्समन नावाच्या घड्याळजीने मुशीत पोलाद वितळवून एकजिनसी करण्याची रीत बसविली. गंमत अशी की, हे पोलाद फार कठीण म्हणून शेफील्डच्या चाकूवाल्यांनी ते आधी नाकारले. फ्रेंचांनी ते विकत घेऊन उत्तम चाकू काढले, तेव्हा यांचे डोळे उघडले.

संग्राहक चाकू घेतो तेव्हा प्रथम पाते उघडून बुडख्यावरचा ठसा वाचतो, आणि ते बरोबरच आहे. चाकूचे वय तेथे लिहिलेले असते. मुकुटाच्या बाजूंना ‘व्ही’ आणि ‘आर’ ही अक्षरे असतील तर तो व्हिक्टोरिया राणीच्या काळचा, म्हणजे १८३७ ते १९०१ मधला. ‘डब्ल्यू’ आणि ‘आर’ असतील तर राजा चौथा विल्यम, म्हणजे १८३० ते १८३७. असा चाकू मिळणे भाग्याचे. ‘इंग्लंड’ हा शब्द ठोकलेला असेल तर तो बहुधा १८९१ नंतरचा, कारण अमेरिकेने १८९० च्या जकात कायद्याने आयात मालावर देशाचे नाव सक्तीचे केले. जोसेफ रॉजर्सच्या कारखान्याचे चिन्ह तारा आणि माल्टी क्रूस. वोस्टेनहोमचे ‘आय एक्स एल’, म्हणजे ‘मी सरस आहे’ अशा अर्थाची इंग्रजी अक्षरकोटी. या चिन्हांच्या नकलाही उदंड झाल्या. जर्मनीतून शेफील्डचे नाव ठोकलेला माल येऊ लागला, त्या तक्रारींतून १८८७ चा व्यापारचिन्हांचा कायदा झाला. म्हणून ठशावर डोळे मिटून विश्वास टाकू नये, आधी चाल आणि बोल पाहावा.

आता माझा या मंडळींशी मतभेद आहे तो येथे. ठसा मालकाचा असतो. रॉजर्सचा चाकू रॉजर्सने केला असे आपण म्हणतो. पण तो केला घडणाऱ्याने, सहाणेवर धरणाऱ्याने आणि जोडणाऱ्याने. हे तीन निरनिराळे धंदे होते, आणि तिघांपैकी एकाचेही नाव चाकूवर नाही.

शिवाय यांतले बरेच जण कारखान्याचे पगारी नोकरदेखील नव्हते. त्यांना तेथे ‘छोटे मेस्तर’ म्हणत. मेस्तर म्हणजे मालक. पण हा मालक एक खोली किंवा नुसती एक बाकाची जागा भाड्याने घेई, हत्यारे स्वतःची आणी आणि कारखानदाराकडून नगावर काम घेई. सहाणवाला आपल्या सहाणेच्या जागेचे आणि ती फिरविणाऱ्या शक्तीचेही भाडे भरी. काम नसले तरी भाडे चालू. मालक म्हणवून घ्यायचे आणि मजुराहून कमी मिळवायचे, ही तऱ्हा आपल्याकडे भिवंडी-मालेगावात खर्चीवाल्याच्या पट्ट्यातील विणकराला नवी नाही.

डझनाचा हिशेबही असाच. १७८७ च्या सुमारास जोनाथन वॉटकिन्सन हा चाकू कारखानदार कटलर्स कंपनीचा प्रमुख होता. त्याने कारागिरांकडून बाराच्या दरात तेरा चाकू मागितले असा त्याच्यावर ठपका आहे. जोसेफ मॅथर नावाच्या एका कानशी करणाऱ्या कामगाराने त्याच्यावर गाणे रचले. वॉटकिन्सन नाटकाला गेला तेव्हा प्रेक्षकांनी ते त्याच्या तोंडावर म्हटले आणि तो खचला, असे सांगतात. गोष्ट मागाहून तिखटमीठ लावलेली असू शकेल; गाणे मात्र खरे आहे आणि आजही उपलब्ध आहे. वॉटकिन्सनचे चाकू आता कोणाला ठाऊक नाहीत. तेरावा चाकू सर्वांना ठाऊक आहे.

सगळ्यांत वाईट जिणे सहाणवाल्याचे. तो लाकडी खोगिरावर घोड्यावर बसल्यासारखा बसे, समोर वाळूच्या दगडाची भलीमोठी सहाण गरगर फिरे, आणि तो तिच्यावर ओणवून पाते दाबून धरी. दगडात चीर असली तर तो फुटे आणि माणूस जागीच जाई. पण फुटणारा दगड क्वचित, धूळ रोजची. काटे आणि सुया कोरड्या दगडावर घासत, तेथे धूळ अतोनात. खिशातल्या चाकूंची पाती बहुतेक पाण्याच्या दगडावर लागत, म्हणून ती माणसे थोडी अधिक जगत. तरी दगड वेडावाकडा झिजला की त्याला पुन्हा गोल करावे लागे. ते काम कोरडेच होई आणि साऱ्या खोलीत दगडाची भुकटी भरून राही. शेफील्डचे डॉक्टर नाइट यांच्या आधाराने फ्रेडरिक एंगेल्सने १८४५ च्या आपल्या ग्रंथात आकडे दिले आहेत: कोरड्या सहाणेवाल्याचे आयुष्य सरासरीने जेमतेम पस्तीस वर्षे, ओल्या सहाणेवाल्याचे पंचेचाळिसाच्या पुढे क्वचित. त्याच पानांत अशीही नोंद आहे की, यांच्यातले पट्टीचे दारूबाज अधिक जगत, कारण ते कामावर कमी येत.

धूळ ओढून घेण्याची साधने तेव्हाही सुचविली गेली होती. ती अनेक सहाणवाल्यांनीच नाकारली, क्वचित मोडूनही टाकली! त्यांचे म्हणणे असे की, माणसे जगू लागली तर या धंद्यात गर्दी होईल आणि मजुरी उतरेल. ऐकणाऱ्याला हा निव्वळ अडाणीपणा वाटतो. मला तसे वाटत नाही. ज्याच्याजवळ मजुरी टिकविण्याचे दुसरे कोणतेही साधन नाही, त्याने आपल्या सोबत्यांच्या मरणाचाच हिशेबात आधार घ्यावा, इतकी ती पाळी होती. या रोगाला आज सिलिकोसिस म्हणतात. शेफील्डात पुढे वाळूच्या दगडाऐवजी कृत्रिम सहाणी आल्या आणि तो ओसरला. आपल्याकडे मंदसोरच्या पाटीवरच्या पेन्सिली करणाऱ्यांना आणि खंबायतच्या अकीक घासणाऱ्यांना त्याच रोगाने गाठले.

दुसरे साधन म्हणजे संघटना. ती होती, पण कायद्याने तिला उभे राहायला जागा नव्हती. वर्गणी न भरणाऱ्याला किंवा ठरल्याहून कमी दराने काम करणाऱ्याला वठणीवर आणण्याची शेफील्डची एक खास रीत होती. रात्रीतून त्याच्या सहाणेचा पट्टा किंवा हत्यारे नाहीशी होत. बाकी चुकती केली की परत जागेवर येत. यातूनच गोष्ट हाताबाहेर गेली. ऑक्टोबर १८६६ मध्ये एका करवती घासणाऱ्या कामगाराच्या घरात बंदुकीच्या दारूचा स्फोट झाला आणि देशभर गहजब उडाला. १८६७ मध्ये शेफील्डला चौकशी आयोग बसला. खरे सांगेल त्याला माफी, असे आश्वासन मिळाल्यावर करवतसहाणवाल्यांच्या संघटनेचा चिटणीस विल्यम ब्रॉडहेड याने कबूल केले की, आपण पैसे देऊन माणसांवर हल्ले करविले; त्यांतला एक जण गोळी लागून पुढे मेलाही होता. करवतीवाले चाकूवाल्यांचे शेजारी, त्याच दगडाचे आणि त्याच धुळीचे.

ब्रॉडहेडचे समर्थन मी करणार नाही. भाडोत्री मारेकरी घातला की संघटना संपते, टोळी उरते. परंतु त्याच वर्षी इंग्लंडच्या न्यायालयाने असेही ठरविले होते की, संघटनेचा पैसा कोणी हडप केला तरी तिला त्या कायद्याचे संरक्षण नाही. दाद मागायला कचेरीच नसेल तर माणसे अंधारात दाद लावतात. तीनचार वर्षे वाद होऊन १८७१ चा ट्रेड युनियन कायदा झाला आणि संघटनेला कायद्यात जागा मिळाली. आपल्याकडे त्यासाठी १९२६ साल उजाडावे लागले.

आपल्या देशाचा या चाकूंशी संबंध मुठीतून येतो. खडबडीत, तपकिरी, हाताला घट्ट बसणाऱ्या ज्या शिंगाच्या फळ्यांना संग्राहक सर्वांत अधिक मानतात, त्या बहुधा हिंदुस्थानातल्या सांबरशिंगाच्या. सांबर दरवर्षी शिंगे टाकतो. ती जंगलातून वेचून बोटीने शेफील्डला जात. विसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या सरकारने ही निर्यात बंद केली, तेव्हापासून जुन्या शिंगाच्या मुठींचा भाव चढत गेला. उलट वाटेने चाकू येत. एकोणिसाव्या शतकात रॉजर्सच्या शाखा मुंबई आणि कलकत्त्यातही होत्या. सांबराचे शिंग येथून जाऊन चाकू होऊन येथेच परत यायचे. चोर बाजारात आजही एखादा सापडतो, पण नावात एखादे अक्षर इकडचे तिकडे नाही ना, ते पाहून घ्यावे.

पुढची हकीकत थोडक्यात. १९१३ मध्ये शेफील्डच्याच हॅरी ब्रियर्लीने न गंजणाऱ्या पोलादाचा शोध लावला. हाही गरीब पोलाद कामगाराचा मुलगा, लहानपणीच शाळा सुटलेला. दुसऱ्या महायुद्धानंतर स्वस्त मालापुढे हातकामाचा धंदा बसत गेला. छोट्या मेस्तरांच्या परंपरेतले शेवटचे मोठे नाव स्टॅन शॉ यांचे. हे पोरवयात, युद्धाच्या काळात, कामाला लागले आणि म्हातारपणापर्यंत एकट्याने चाकू करीत राहिले. २०२१ मध्ये ते वारले. त्यांच्या चाकूंवर त्यांचे स्वतःचे नाव असे.

ज्यांना हा छंद लावून घ्यावासा वाटेल त्यांना चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनासाठी रॉजर्सने पंच्याहत्तर पात्यांचा एक प्रचंड चाकू केला होता. तो शेफील्डच्या कटलर्स हॉलमध्ये आहे. तो पाहण्यासारखा आहे, पण त्याने पेरू चिरता येणार नाही. संग्रहाची सुरुवात एका-दोन पात्यांच्या साध्या चाकूपासून करावी. संग्राहक न वापरलेला चाकू मागतात. मी झिजलेलाही घेतो. पाते झिजून निमुळते झाले असेल आणि कमान मात्र अजून स्पष्ट बोलत असेल, तर ती जोडणाऱ्याच्या हाताची खूण आहे, आणि अशी खूण कोऱ्या चाकूत वाचता येत नाही. जुना काळपटपणा पॉलिशने घालवू नये, त्याबरोबर ठशाची अक्षरेही जातात. सांध्यात थेंबभर तेल घालावे आणि पाते कोरड्या फडक्याने पुसावे. चामड्याच्या पाकिटात ठेवू नये, चामडे ओल धरते आणि पोलाद खाते. सेल्युलॉइडच्या रंगीत मुठीचे चाकू मात्र वेगळ्या डबीत ठेवावेत. ते जुने झाले की त्यांतून आम्लाची वाफ सुटते आणि शेजारचे चांगले चाकूही गंजून जातात.