शेवटचा टाका पायाचा

चंदीगडच्या सेक्टर २२मधल्या शास्त्री मार्केटात पंजाबी जुत्त्या मांडलेल्या असतात. त्यातली जुन्या घडणीची एक जोडी हातात घ्यावी आणि दोन्ही नग शेजारी ठेवून पाहावेत. डावा कोणता, उजवा कोणता, हे सांगता येत नाही. दोन्ही सरळ, दोन्हींची नोक मधोमध. नवख्या गिऱ्हाइकाला ही कारागिराची हयगय वाटते. प्रत्यक्षात या पादत्राणामागचा सगळा विचार त्या सरळपणातच आहे. कारागीर जुत्ती शिवून देतो. ती डावी किंवा उजवी होते ती घालणाऱ्याच्या पायात. म्हणून नवी जुत्ती चावते हा तिचा दोष मानणे मला चुकीचे वाटते. तिची घडण अजून पुरी व्हायची असते आणि उरलेले काम पायाचे असते. हे ध्यानात ठेवून ती घेतली तर निवडही बदलते आणि पहिल्या आठवड्याकडे बघण्याची दृष्टीही.

कोल्हापुरी घातलेल्या मराठी माणसाला हे नवे नाही. दोन्हीकडे मुळात चामडे कमावले जाते ते झाडांच्या सालींनी आणि फळांनी. आपल्याकडे बाभळीची साल आणि हिरडा. पंजाबातही तीच बाभूळ, तिकडे तिला कीकर म्हणतात. सालीतले टॅनिन चामड्याच्या तंतूंना घट्ट धरते. या कामाला आठवडेच्या आठवडे लागतात आणि हाती येते ते जाड, ताठ चामडे. पण त्यात एक गुण असतो: ओल आणि ऊब मिळाली की ते वळते, आणि वाळल्यावर त्याच आकारात राहते. पायाचा घाम आणि पायाची ऊब एवढे त्याला पुरते. क्रोमने कमावलेले चामडे फार लवकर तयार होते, पहिल्या दिवसापासून मऊ असते, पाण्यालाही दाद देत नाही. मात्र पायाचा ठसा ते तितकासा धरत नाही. म्हणजे पहिल्या दिवशीचा ताठपणा आणि पुढे पायाला बिलगणे, या एकाच गुणाच्या दोन बाजू आहेत. एक टाकून दुसरी मिळत नाही.

हा त्रास पंजाबने कधी लपवलेला नाही. सुरिंदर कौर यांच्या आवाजात घरोघरी पोचलेल्या एका लोकगीतातली नवी नवरी कसूरच्या जुत्तीबद्दल तक्रार करते: ती पायाला नीट होत नाही, आणि तशीच चालत जावे लागते आहे. जुत्त्यांसाठी नावाजलेले कसूर १९४७मध्ये लाहोरबरोबर पाकिस्तानात गेले. लाहोर गेले म्हणून पंजाबला नवी राजधानी हवी झाली आणि चंदीगड उभे राहिले. ज्या फाळणीने कसूर तोडले तिनेच हे शहर घडवले, आणि आज जुत्ती तिथल्या बाजारात आहे. वास्तुविशारद ल कॉर्बुझिए यांच्या आराखड्यात एक सेक्टर साधारण ८०० मीटर रुंद आणि १२०० मीटर लांब. रोजच्या गरजा पायी गाठता याव्यात हा त्यामागचा हेतू. नवी जुत्ती वळवायला याहून चांगले माप शोधून सापडणार नाही.

जुत्ती संध्याकाळी घ्यावी, कारण दिवसभराने पाय थोडा फुगलेला असतो. चामडे रुंदीत सैल पडते, लांबीत नाही. म्हणून पंजाला घट्ट बसणारी चालेल, बोटे दुमडणारी चालणार नाही. जुत्तीला पट्टा नसतो, तेव्हा टाच आत्ताच निसटत असेल तर पुढे ती अधिकच निसटेल. आत अंगठा दाबून पाहावा: फोम असेल तर तो दबून परत फुगतो, चामडे तसे करत नाही. तळाची कड पाहावी. शिवलेल्या जुत्तीत दोऱ्याचे टाके दिसतात. घरी आणल्यावर टाचेच्या कडेला आतून मोहरीच्या तेलाचा बोळा फिरवून रात्रभर मुरू द्यावे, वरच्या तिल्ल्याच्या, म्हणजे जरीच्या, कामाला तेल लागू देऊ नये. पहिले तीन-चार दिवस घरातच अर्धा तास, मग सेक्टरच्या बाजारापर्यंत, आणि सुखना तलावाची फेरी त्यानंतर. भिजली तर सावलीत वाळवावी.

यावर रास्त आक्षेप असा, की पादत्राण पायासाठी असते, पायाने त्याच्यासाठी सोसायचे कशाला? सोसण्यात मोठेपणा नाही, हे मान्य. फोड आला की थांबावे. मधुमेहाने ज्यांच्या पायांची संवेदना कमी झाली आहे त्यांनी या वाटेला जाऊच नये. पण फोमची जुत्ती हा त्रास टाळत नाही, पुढे ढकलते. फोम काही महिन्यांत चेपतो, त्याचा आकार कुणाच्याच पायाचा राहत नाही, आणि जोडी टाकून द्यावी लागते. चामड्याची जोडी आठवडाभर त्रास देते आणि पुढची काही वर्षे सांभाळते.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. जुन्या वस्तूंच्या प्रेमात आपण ज्या जुन्या काळाचे गोडवे गातो, त्याच काळाने चामडे कमावणाऱ्यांवर अस्पृश्यता लादली. हे विसरून जुत्तीचे कौतुक करणे अप्रामाणिक आहे. म्हणूनच हे कौतुक भावात उतरले पाहिजे. कोल्हापुरीला २०१९मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळाले. तरी जून २०२५मध्ये मिलानच्या मंचावर प्राडाने तोच घाट मूळ कारागिरांचा उल्लेख न करता मांडला आणि महाराष्ट्र संतापला. तो संताप योग्यच होता. पण घरच्या बाजारात हातशिवणीच्या जोडीला कारखान्याच्या जोडीचा भाव मागणे, हाही त्याच कारागिराचा अनादर आहे. नवी जुत्ती चावली म्हणून गिऱ्हाईक ती परत करते, तेव्हा दुकानदार पुढच्या खेपेला फोमचा माल मागवतो आणि शिवणाऱ्याचे एक काम कमी होते. चार दिवस अर्धा-अर्धा तास घरात चालणे ही छोटी गोष्ट आहे, पण त्या हाताला पुढचे काम मिळणार की नाही, हे तिच्यावर ठरते.