खान्देशातले उद्योग: काही तगले, काही मोडले
खान्देशात कारखानदारी आली ती कापसामागोमाग. १८७०च्या दशकात जळगावात मुळजी जेठा यांची खान्देश मिल उभी राहिली. पुढे अमळनेरला प्रताप मिल आली. कापूस दारात, रेल्वे जवळ, मजूर आसपासच्या गावांतले. एवढ्या आधारावर या गिरण्या काही पिढ्या चालल्या. यंत्रे जुनी झाली आणि यंत्रमागाचे कापड स्वस्त पडू लागले, तेव्हा मात्र कापसाची जवळीक कामी आली नाही. खान्देश मिलच्या जागेवर आज व्यापारी संकुल आहे.

अमळनेरनेच याच्या उलट उदाहरणही दिले. भुईमुगाच्या या पट्ट्यात महंमद हशम प्रेमजी यांनी २९ डिसेंबर १९४५ रोजी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी स्थापन केली. वनस्पती तूप आणि ७८७ साबण हा तिचा माल. १९६६मध्ये प्रेमजी वारले आणि एकवीस वर्षांचे अझीम प्रेमजी स्टॅनफर्डचे शिक्षण अर्धवट सोडून परतले. आयबीएमने भारतातून काढता पाय घेतल्यावर रिकाम्या झालेल्या बाजारात त्यांनी संगणक आणले. हीच आजची विप्रो. सुरुवातीचे शेअर न विकता जपून ठेवणारी अमळनेरची घरे श्रीमंत झाली, पण संगणकाच्या नोकऱ्या बंगळुरूला गेल्या. धंद्याची भरभराट आणि गावाची भरभराट या दोन गोष्टी वेगळ्या, हे खान्देशाने इथे पाहिले.

धुळे जिल्ह्यात पिकाची निवडच निर्णायक ठरली. दोंडाईचाची १९७३मध्ये स्थापन झालेली युनिव्हर्सल स्टार्च-केम मक्यावर उभी आहे. मका कमी पाण्यात येतो आणि स्टार्च व ग्लुकोजला औषधांपासून कापडापर्यंत गिऱ्हाईक असते. याउलट साक्री तालुक्यातला पांझरा-कान सहकारी साखर कारखाना बंद पडला. पावसावर भिस्त असलेल्या भागात साखर कारखाना काढायचा, तर उसाच्या पुरवठ्याची चिंता दर हंगामाला असतेच. गाळप कमी झाले तरी कर्जाचे व्याज काही कमी होत नाही.

उदय आणि घसरण, दोन्ही एकाच घरात पाहायची तर जैन उद्योगसमूहाकडे जावे लागते. वाकोदचे भवरलाल जैन यांनी १९६३मध्ये घरच्या सात हजार रुपयांच्या पुंजीवर रॉकेलविक्री सुरू केली. मग शेतकऱ्याला लागेल ते विकायला घेतले: ट्रॅक्टर, खते, बियाणे, पाइप. १९७८मध्ये केळीची भुकटी करणारा जुना कारखाना विकत घेतला आणि त्यात पपईच्या चिकापासून पपेन बनवून निर्यात केले. पीव्हीसी पाइप १९८०पासून, ठिबक त्याच दशकाच्या अखेरीस. प्रत्येक नव्या धंद्याचे गिऱ्हाईक आधीच्या धंद्यात भेटलेले होते, आणि या समूहाच्या यशाचे खरे कारण तेच दिसते.

नव्वदीच्या दशकात समूह वित्तसेवा, माहिती तंत्रज्ञान आणि ग्रॅनाइटमध्ये शिरला. ही गिऱ्हाइके ओळखीची नव्हती, पैसा बुडाला. समूह पुन्हा शेतीकडे वळला आणि सावरला. पुढचे दुखणे वेगळे होते. ठिबकचे अनुदान सरकारकडून उशिरा येई, त्यामुळे माल खपूनही येणी अडकून पडत आणि खेळते भांडवल कर्जातून उभे करावे लागे. त्यात परदेशी कंपन्या विकत घेण्याचा खर्च होता. भवरलाल २०१६मध्ये निवर्तले. २०१९मध्ये कंपनीला कर्जफेड जमेनाशी झाली. २०२२मध्ये बँकांशी कर्ज पुनर्रचनेचा तोडगा निघाला आणि २०२३मध्ये परदेशातला सिंचनाचा व्यवसाय रिव्ह्युलिस या कंपनीत विलीन करून कर्जाचा मोठा भाग उतरवण्यात आला. पाइप, ठिबक आणि टिश्यू कल्चरची केळीची रोपे हा देशातला व्यवसाय समूहाकडेच राहिला.