दरारा! गब्बरच्या खडकांपासून येलवालच्या बैठकीपर्यंत

बंगळूरहून जुन्या रस्त्यानं म्हैसूरला निघालं, की पन्नासेक किलोमीटरवर रामनगर लागतं. उघडेबोडके, अजस्र खडक. गाडीत शाळकरी पोरं असली तर त्यातलं एखादं हमखास ओरडतं, ‘गब्बर!’ ‘शोले’ पडद्यावर आला १५ ऑगस्ट १९७५ रोजी. तेव्हा जन्मलेलेही नसलेले आईबाप आज आपल्या मुलांना हे खडक कौतुकानं दाखवतात. तिथून पुढं म्हैसूर गाठून चामुंडी टेकडी चढावी, तर देवीच्या आधी सामोरा येतो महिषासुर. एका हातात तलवार, दुसऱ्या हातात नाग, झुपकेदार मिशा आणि भडक रंग. देवीनं ज्याला मारलं त्याच्याच नावावरून शहराचं नाव पडलं, आणि फोटोसाठी घोळका जमतो तोही त्याच्याच पायाशी!

गोष्टीत देव जिंकतो आणि लक्षात मात्र राक्षस राहतो, हे असं का होतं? ज्याच्या एका शब्दावर माणसं हलतात अशा पात्रांचं आपल्याला एवढं आकर्षण का असावं? आणि हा हुकमी दरारा नेमका येतो कुठून?

आवाजातून येतो, असं म्हणावं तर गब्बरचंच उदाहरण घ्या. अमजद खानचा आवाज काही प्राण किंवा अमरीश पुरी यांच्यासारखा खर्जातला नव्हे. गब्बर दचकवतो तो त्याच्या बेभरवशीपणानं. तो हसतो तेव्हा आपण हसावं की थरथरावं हे त्याच्या माणसांनाच कळत नाही. पुढच्या क्षणी काय होईल याचा अंदाज लागू न देणं, एवढ्यावर त्याचं सगळं राज्य चालतं. तरीही हा क्रूरकर्मा लोकांना इतका आवडला, की एका बिस्किट कंपनीनं जाहिरातीसाठी चक्क गब्बरलाच घेतलं! त्याच्यासमोर उभा असलेला ठाकूर बघा. दोन्ही हात गमावलेला, शालीत लपेटलेला माणूस. कुणाला साधी चापटही मारू शकणार नाही, पण जय-वीरूसारखे अट्टल चोर त्याच्यासाठी जिवावर उदार होतात. म्हणजे हुकमत मनगटात असते म्हणावं, तर तेही खरं नाही.

उपकाराचा फास

आपल्या मराठीत दराऱ्याचा अर्क पाहायचा असेल तर ‘सामना’ पाहावा. विजय तेंडुलकरांचं लेखन, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन. १९७५ च्या बर्लिन महोत्सवात हा चित्रपट दाखवला गेला होता. निळू फुल्यांचा हिंदुराव धोंडे-पाटील हा साखर कारखान्याचा सर्वेसर्वा. गब्बरसारखं त्याला कधी किंचाळावं लागत नाही. तो माणसाला बोलावतो, बसवतो, खाऊ-पिऊ घालतो. रस्त्यावर पडलेल्या दारुड्या मास्तरलाही तो वाड्यावर आणतो आणि उंची दारू पाजतो. गावातला प्रत्येक जण त्याचं काहीतरी देणं लागतो. कुणाच्या पोराची नोकरी त्यानं लावलेली, कुणाचा ऊस त्याच्या काट्यावर गेलेला. अशा माणसाला ‘नाही’ कोण म्हणणार?

माझ्या मते सगळ्या खलनायकांत हा सर्वांत धोक्याचा, कारण तो आपल्या ओळखीचा आहे. डाकू कुणाच्या घरी येत नाही. पण लग्नात आहेर करून, दवाखान्याचं बिल भरून नंतर अख्ख्या घराची मतं ठरवणारा एखादा हिंदुराव प्रत्येकाच्या नात्यात नाहीतर गल्लीत निघतोच. आपण त्याला ‘मोठ्या मनाचा’ म्हणतो आणि त्याच्यापुढं बोलताना आपसूक आवाज खाली आणतो.

या हिंदुरावाला हलवतो कोण, तर श्रीराम लागूंनी उभा केलेला तो मास्तर. जुना स्वातंत्र्यसैनिक, आता व्यसनात बुडालेला. त्याच्याकडं पैसा नाही, माणसं नाहीत आणि नीट उभं राहण्याइतका तोलही नाही. त्याच्याकडं आहे फक्त एक प्रश्न, मारुती कांबळेचं काय झालं याचा. तो हा प्रश्न विचारतच राहतो आणि वाड्याला तडे जातात.

गंमत अशी, की हा दरारा साकारणारे निळूभाऊ मूळचे राष्ट्र सेवा दलाचे कार्यकर्ते. पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी माळीकाम केलेलं. प्रत्यक्षात अतिशय मृदू बोलणारा माणूस. तरी गावोगावच्या बायका त्यांना पाहून पदर सावरायच्या. २००९ साली ते गेले तेव्हा, पडद्यावरचा सर्वांत वाईट माणूस खऱ्या आयुष्यात किती सज्जन होता, हेच जो तो सांगत होता.

लखोबा लोखंडेची तऱ्हा निराळी. आचार्य अत्र्यांच्या ‘तो मी नव्हेच’ मधला हा निपाणीचा तंबाखूचा व्यापारी ना धाक दाखवतो, ना उपकार करतो. तो नुसता बोलतो! आणि इतक्या ठाम आत्मविश्वासानं बोलतो, की साक्षीदारालाच आपल्या डोळ्यांबद्दल शंका यावी. प्रभाकर पणशीकरांनी १९६२ पासून या नाटकाचे अडीच हजारांहून अधिक प्रयोग केले. ज्यानं पोरीबाळींना फसवलं त्याच्या हजरजबाबीपणाला दरवेळी टाळ्या पडत, हे प्रेक्षक म्हणून आपल्याला फारसं भूषणावह नाही. (जाता जाता : नाटक आलं तेव्हा लखोबाची निपाणी म्हैसूर राज्यात होती. सीमाभागातल्या वाचकांना हे सांगायला नकोच.)

खुद्द म्हैसूरच्या लेखकानं उभा केलेला दांडगाही असाच. यादवगिरीत राहणाऱ्या आर. के. नारायण यांच्या ‘द मॅन-ईटर ऑफ मालगुडी’ या १९६१ च्या कादंबरीतला वासू. पहिलवानी देहाचा हा माणूस मेलेल्या जनावरांत भुसा भरण्याचा धंदा करतो. नटराज नावाच्या भिडस्त छापखानेवाल्याच्या माळ्यावर तो येऊन राहतो तो राहतोच. भाडं नाही, वर कातड्यांची दुर्गंधी. नटराजला त्याला बाहेर काढायचं असतं, पण ते तोंडातून निघतच नाही! शेवटी वासू मरतो तो कपाळावरचा डास मारताना, स्वतःच्याच दणक्यानं. भस्मासुराची गोष्ट नारायण यांनी छापखान्यात आणून बसवली. मला मात्र वासूपेक्षा नटराजचाच विचार जास्त पडतो. असे नटराज नसते, तर वासूला जागा कोणी दिली असती?

येलवालचा पाहुणा

म्हैसूरहून हुणसूरच्या रस्त्यानं पंधरा-एक किलोमीटर गेलं की येलवाल येतं. इथं २१ आणि २२ सप्टेंबर १९५७ या दोन दिवशी जे घडलं, ते कुण्या लेखकानं लिहिलं असतं तर अतिशयोक्ती वाटली असती. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद आले, पंतप्रधान पंडित नेहरू आले, केरळचे कम्युनिस्ट मुख्यमंत्री नंबुद्रिपाद आले. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे पक्ष एका बैठकीत बसले. आणि हे सगळे कुणासाठी जमले? तर नुकतीच बासष्टी ओलांडलेल्या, पंचा नेसलेल्या, पायी हिंडणाऱ्या एका मराठी माणसासाठी! कुलाबा जिल्ह्यातल्या गागोद्याचे विनोबा भावे.

सहा वर्षांपूर्वी, १८ एप्रिल १९५१ ला, तेलंगणातल्या पोचमपल्लीत भूमिहीनांसाठी त्यांनी जमीन मागितली होती आणि एका जमीनदारानं शंभर एकर देऊ केली होती. तिथून भूदान आणि मग ग्रामदान. ग्रामदान म्हणजे जमिनीची मालकी एकेकट्याची न राहता गावाची व्हायची. येलवालला सर्व पक्षांनी मिळून या विचाराला पाठिंबा जाहीर केला. विनोबांपाशी ना सत्ता, ना कारखाना, ना बंदूक. त्यांनी कुणाला हुकूम सोडला नाही, फक्त मागितलं. न मागता हिसकावणाऱ्या गब्बरचं आणि न मागता देणाऱ्या हिंदुरावाचं हे अगदी दुसरं टोक.

इथं हा लेख थांबवला तर तो गोड होईल, पण अर्धवट. विनोबांपुढं ‘हो’ म्हणणाऱ्यांपैकी पुष्कळांचं ‘हो’ त्यांची पाठ वळताच विरून गेलं. १९६९ पर्यंत जवळजवळ सगळ्या बिहारच्या दानाची घोषणा झाली, पण त्यातलं बरंचसं कागदावरच राहिलं. थोर माणसाला नाही म्हणायची भीड पडते, तशीच नटराजला वासूची पडत होती. हे साम्य लिहितानाही अवघडल्यासारखं होतं, पण ते आहे.

आपल्याकडं गडचिरोलीत, धानोरा तालुक्यात मेंढा-लेखा नावाचं शंभरेक घरांचं गोंड आदिवासींचं गाव आहे. येलवालनंतर छपन्न वर्षांनी, २०१३ मध्ये, या गावानं ग्रामदान करायचं ठरवलं. तेव्हा विनोबा जाऊन तीस वर्षं होऊन गेलेली, समोर कोणी थोर पाहुणा बसलेला नव्हता. या गावात बहुमतानं निर्णय होत नाहीत. एकाचंही मन वळलेलं नसलं तर विषय पुढच्या सभेत, तिथंही नाही जमलं तर त्याच्या पुढच्या. ग्रामदानाचा विषयही असाच सभेमागून सभेत चघळला गेला.