सेझानचा ‘काळा गड’

‘शातो न्वार’ म्हणजे काळा गड. नांव ऐकतांच आमच्या वाचकांच्या डोळ्यांपुढें तट-बुरूज उभे राहतील. परंतु ही वास्तु काळी नव्हे आणि गडहि नव्हे! दक्षिण फ्रान्समधील एक्स शहराबाहेर, ल थोलोनेच्या वाटेवर, एकोणिसाव्या शतकांत बांधलेलें, टोकदार कमानींच्या खिडक्यांचें हें पिंवळट घर. तेंहि अपुरें राहिलेलें. एका कोळसेवाल्या मालकानें तें काळें रंगविलें होतें, अशी आख्यायिका आहे.

चित्रकार पॉल सेझान यानें येथें एक खोली भाड्यानें घेतली होती. आई वारल्यावर, १८९९ सालीं, वडिलांनीं घेतलेली ‘जास द बुफां’ ही वाडी विकली गेली. साठीला टेकलेल्या, मधुमेहानें गांजलेल्या सेझाननें हेंच घर विकत मागितलें. मालकानें नकार दिला.

वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरींतील त्याचें १९००–१९०४ च्या सुमाराचें चित्र पाहावें. पुढें सगळें रानच! हिरव्या-निळ्या फांद्या एकमेकींत गुंतून आडव्या आल्या आहेत, आणि त्यांपलीकडे दूर उन्हांत तापल्यासारख्या नारिंगी भिंती. घर दिसतें, पण वाट झाडांनीं अडविलेली. तो नकार रसिकांच्या पथ्यावर पडला, असें म्हणावयास आम्ही धजत नाहीं. म्हाताऱ्याचा निवारा गेला होता.

१९०६ च्या ऑक्टोबरांत उघड्यावर चित्र काढीत असतां तो वादळी पावसांत सांपडला, आणि त्याच महिन्यांत वारला. याच घराचें त्याचें दुसरें एक चित्र क्लोद मोने यानें स्वतःच्या संग्रहीं ठेवलें होतें. तें आतां न्यूयॉर्कला आहे.