डॉल्बी आहे, ईर्षा आहे, माइक कुठाय?

गणपती तोंडावर आले की कोल्हापुरात दोन याद्या तयार होतात. एक पोलिसांची, कोणत्या मंडळांना नोटिसा द्यायच्या याची. दुसरी मंडळांची, यंदा कुठली गाणी वाजवायची याची. पहिल्या यादीवर वर्तमानपत्रांत रकानेच्या रकाने भरतात. दुसरीकडे कुणी गांभीर्यानं बघत नाही. वास्तविक नव्या मराठी गाण्यांचा सगळ्यात कडक परीक्षक महाद्वार रोडवरची मिरवणुकीतली गर्दीच आहे.

ही दुसरी यादी दोन-तीन हंगामांत पार बदलली. जळगावकडच्या संजू राठोडचं ‘गुलाबी साडी’ फेब्रुवारी २०२४ मध्ये आलं आणि वरातीपासून शाळेच्या स्नेहसंमेलनापर्यंत सगळीकडे पोचलं. मला ते मनापासून आवडतं. चाल फार वर-खाली जात नाही, बोलता बोलता गायल्यासारखी आहे, त्यामुळं न गाणाऱ्यालाही गाता येते. लोकप्रिय गाण्याचं हे मोठं बळ. त्याचंच एप्रिल २०२५ चं ‘शेकी’ जास्त चकचकीत आहे, पण मला त्यात आधी रीलपुरता तुकडा ठरवला आणि मग मागं-पुढं गाणं जोडलं असं वाटत राहतं. तो तुकडा संपला की अंतऱ्यात जीव उरत नाही. क्रेटेक्स आणि श्रेयस सागवेकर यांचं ‘तांबडी चामडी’ याहून धाडसाचं. नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्सनं २०२४ मध्ये काढलेल्या या गाण्यात खाली क्लबचा सरळ ठोका आहे आणि वर ठसक्यातलं मराठी बोलणं. भाषा घासूनपुसून, शहरी करून घेतलेली नाही. तशीच ठेवून ती जगापुढं उभी केली, याचं श्रेय या दोघांना द्यायलाच हवं.

रॅपची वाट आणखी खडतर. मुंबईच्या ‘स्वदेसी’ या गटानं २०१९ मध्ये आरेच्या जंगलासाठी ‘वारली रिव्होल्ट’ केलं. त्यात आरेच्याच पाड्यावरचे कार्यकर्ते प्रकाश भोईर यांचा आवाज आहे आणि तो ऐकताना आजही अंगावर काटा येतो. याच गटात गुजरातीत रॅप करणारा धर्मेश परमार ऊर्फ एमसी तोडफोड होता. मार्च २०२२ मध्ये, अवघ्या चोविसाव्या वर्षी तो गेला. अमरावतीच्या सौरभ अभ्यंकरनं, म्हणजे ‘१०० आरबीएच’नं, वऱ्हाडी बोली थेट रॅपच्या मंचावर नेली. एप्रिल २०२३ मध्ये तर मराठवाड्याच्या राज मुंगासेवर राजकीय रॅपसाठी गुन्हा नोंदवला गेला. वऱ्हाडातून आवाज आला, मराठवाड्यातून आला, मुंबई-पुण्यातून तर येतोच. मग कोल्हापूर कुठाय?

पोरं आहेत. रंकाळ्याच्या कठड्यावर मोबाइलवर बीट लावून ओळी जुळवणारी पोरं संध्याकाळी दिसतात. पण त्यांचं गाणं मोबाइलमध्येच राहतं, पेठेच्या चौकात येत नाही. माझं दुखणं हेच आहे, कारण हिप-हॉप जन्माला घालायला जे जे लागतं ते सगळं या गावात आधीपासून आहे.

हे पटायला जरा लांब जावं लागेल. जमैकातल्या किंग्स्टनमध्ये १९५० च्या दशकात ट्रकवर जनरेटर आणि भलेमोठे स्पीकर लादून रस्त्यावर नाच भरायचे. त्याला तिथं साउंड सिस्टिम म्हणत. प्रत्येक वस्तीची आपली सिस्टिम, तिचे आपले पाठीराखे, आणि कुणाचा बेस छातीत जास्त घुमतो यावरून चुरस. कोल्हापूरकराला यातलं काय समजावून सांगायचं? पुढं तिथं एक गोष्ट झाली. गाण्यातल्या मोकळ्या जागेत सिस्टिमवरचा माणूस माइक घेऊन बोलू लागला. गर्दीला चिथवू लागला, समोरच्या सिस्टिमला टोमणे मारू लागला.

याच किंग्स्टनमध्ये १९५५ साली जन्मलेला क्लाइव्ह कॅम्पबेल लहानपणी न्यूयॉर्कला गेला. ११ ऑगस्ट १९७३ ला ब्राँक्समधल्या १५२०, सेजविक अव्हेन्यू या इमारतीत त्याच्या बहिणीनं, सिंडीनं, पार्टी ठेवली. शाळा सुरू होणार होती आणि तिला नवे कपडे घ्यायचे होते. प्रवेश मुलींना २५ सेंट, मुलांना ५०. संगीत भावाकडं. हा भाऊ म्हणजेच डीजे कूल हर्क. गाण्यात गायक थांबून नुसता ताल वाजतो तेव्हा पोरं जास्त जोरात नाचतात, हे त्यानं हेरलं होतं. पुढं एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर लावून तो तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवू लागला. त्याचा मित्र कोक ला रॉक माइकवरून ओळखीच्यांची नावं घ्यायचा, दोन शब्द टाकायचा. हिप-हॉपचा जगभरचा अब्जावधींचा धंदा ज्यातून उभा राहिला ते बी एवढंसंच: तालाचा तुकडा, मोठा आवाज आणि माइकवर आपल्या गल्लीतलं पोरगं.

आता आपली मिरवणूक बघा. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर खाली बेस, वर टॉप, मागं जनरेटर. पेठा आहेत, तालमी आहेत. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार हे फुटबॉल संघ समोरासमोर आले की दिसते ती ईर्षा आहे. गाण्याच्या मधेच एक घोगरा आवाज रीमिक्स करणाऱ्या डीजेचं नाव घेतो आणि गप्प होतो. सगळ्या मिरवणुकीत माणसाचं बोलणं तेवढंच, आणि तेही आधीच ध्वनिमुद्रित केलेलं. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही कायद्याची मर्यादा. डॉल्बीची भिंत ती पहिल्याच ठोक्याला ओलांडते. म्हाताऱ्यांचे, आजाऱ्यांचे, तान्ह्या पोरांचे हाल होतात, ते थांबलेच पाहिजेत. पण एवढा आवाज करून सांगायचं काहीच नसावं, याचं मला जास्त वाईट वाटतं.

‘रॅप म्हणजे आपली शाहिरीच की’ असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. शाहीर लहरी हैदर आणि पिराजीराव सरनाईकांच्या गावात तसं म्हणायला बरंही वाटतं. मला ते पूर्ण पटत नाही. शाहिराला झीलकरी साथ देतात, मधे थांबून तो गद्यात कथा पुढं नेतो. रॅपरला असा विसावा नसतो. चार ठोक्यांच्या चौकटीत श्वास कुठं घ्यायचा तेही आधी ठरवावं लागतं. शिवाय मराठी वाक्य क्रियापदावर संपतं, त्यामुळं केलं-गेलं-नेलं असं यमक फुकटात मिळतं आणि तितकंच फुकट वाटतं. बहुतेक नवे रॅपर इथंच फसतात. कोल्हापुरी बोलीत यावर उतारा आहे. ‘काय करालाईस’, ‘कुणाला बोलालाईस’ अशी लांब शेपटीची क्रियापदं, त्यावर ‘की’ आणि ‘रं’चा झटका, आणि ‘मी आलो’ म्हणणाऱ्या इथल्या बायकांचा बिनधास्त सूर. ही लय पुण्या-मुंबईच्या रॅपरला उसनी आणता यायची नाही.

आणि ताल? अमेरिकेतल्या ट्रॅपची नक्कल करणारे तयार बीट इंटरनेटवरून उतरवायचे आणि त्यावर गावाची शान सांगायची, हे मला खटकतं. १९१२ सालच्या खासबाग मैदानात कुस्ती लागली की हलगी ऐका. वाजवण्याआधी ती जाळावर धरून चामडं तापवतात, म्हणजे आवाज कडक निघतो. एका हातात जाड काठी, दुसऱ्यात बारीक. पैलवान नुसते खडाखडी करत असले तर हलगी रेंगाळते. पकड बसली की लय चढते आणि घुमकं हे साथीचं वाद्य तिला खालून उचलून धरतं. समोरच्या झुंजीकडं बघत क्षणाक्षणाला बदलणारा हा ताल संगणकातल्या ठोक्याला जमणारा नाही. मात्र ही कला ज्या समाजानं पिढ्यान् पिढ्या अपमान सोसत जपली, त्यातल्या वादकाचं नाव गाण्याच्या श्रेयात आलंच पाहिजे, पैशातही वाटा मिळाला पाहिजे. हलगीचा तुकडा फोनवर टिपून न्यायचा आणि खाली स्वतःचं नाव लावायचं, ही चोरी आहे.

कुण्या एका मंडळानं यंदा पुढाकार घ्यावा. मिरवणुकीत नको, मधल्या दिवसांत, मांडवासमोर, रात्री दहाच्या आत. दोन पेठांतली चार-चार पोरं-पोरी, एक माइक, हलगी आणि घुमकं. शिव्या आणि जात काढायची नाही, बाकी एकमेकांची हवी तेवढी उडवायची. बक्षीस एकच ठेवावं: जिंकलेल्या गाण्याचं ध्वनिमुद्रण मंडळाच्या खर्चानं, हलगीवाल्याच्या नावासकट. एका रात्रीच्या डॉल्बीच्या भाड्यात ते आरामात बसेल.