लागेल तेवढाच वायू

एक किलो कॅल्शियम कार्बाइडचा पूर्ण वायू व्हायला रसायनशास्त्राच्या हिशेबाने अर्ध्या लिटरहून थोडे जास्त पाणी पुरते. पण तेवढ्याच कार्बाइडसाठी चांगला ॲसिटिलीन जनरेटर आठ-दहा लिटर पाणी मागतो. वरकरणी ही उधळपट्टी वाटेल. प्रत्यक्षात ते अर्धा लिटर पाणी वायू तयार करण्यात खर्च होते आणि बाकीचे सगळे टाकीशेजारी काम करणाऱ्या माणसाचा जीव सांभाळते.

हिशेब सोपा आहे. चुनकळी आणि कोक विजेच्या भट्टीत सुमारे २००० अंश सेल्सियसला एकत्र तापवले की कॅल्शियम कार्बाइड तयार होते. थंड झाल्यावर त्याचे करड्या रंगाचे, खडीसारखे टणक खडे करतात. खडा पाण्यात पडला की फसफसू लागतो. ॲसिटिलीन वायू बुडबुड्यांनी वर येतो आणि तळाशी चुन्याचा गाळ साचतो. बाजारात मिळणाऱ्या एक किलो कार्बाइडपासून साधारण २८० ते ३०० लिटर वायू मिळतो. त्याबरोबर उष्णताही बाहेर पडते, आणि ती एवढी असते की तिच्यावर जवळजवळ पाच लिटर पाणी उकळीला यावे. तीच उष्णता दहा लिटर पाण्यात विखुरली, तर पाणी फार तर चाळीसेक अंशांनी तापते. म्हणजे भर उन्हाळ्यातही टाकीतले पाणी उकळीपासून दूर राहते.

उष्णतेची एवढी धास्ती घ्यावी लागते, कारण या वायूचा स्वभावच तसा आहे. घरातला स्वयंपाकाचा गॅस पेटायला हवा लागते. ॲसिटिलीनला स्फोट होण्यासाठी प्रत्येक वेळी हवाही लागत नाही. त्याच्या रेणूत दोन कार्बन अणू तिहेरी बंधाने जखडलेले असतात आणि त्या जोडणीत बरीच ऊर्जा कोंडलेली असते. वायू दाबाखाली असताना उष्णता किंवा हादरा मिळाला, तर रेणू आपोआप फुटून कार्बन आणि हायड्रोजन वेगळे होतात, आणि ही फूट एका क्षणात सगळ्या वायूभर पसरते. म्हणून मोकळ्या ॲसिटिलीनचा दाब चौरस इंचाला १५ पौंडांच्या वर जाऊ द्यायचा नाही, हा जगभरच्या वेल्डिंग उद्योगाचा नियम आहे. हवेत मिसळल्यावर तर तो आणखी बेभरवशाचा होतो. हवेत अडीच टक्के ॲसिटिलीन असले तरी मिश्रण पेट घेते आणि ऐंशी टक्के असले तरीही घेते. एलपीजीच्या बाबतीत ही मर्यादा साधारण दोन ते साडेनऊ टक्क्यांची आहे. शिवाय शुद्ध तांब्याशी दीर्घ संपर्क आला, तर ठिणगीसारखे उडणारे कॉपर ॲसिटिलाइड तयार होते. त्यामुळे या वायूसाठी तांब्याच्या नळ्या वापरत नाहीत.

असा वायू माणसाने घरात का आणला? प्रकाशासाठी.

ॲसिटिलीन १८३६ साली एडमंड डेव्ही या रसायनशास्त्रज्ञाच्या हाती प्रथम लागला. १८६० मध्ये फ्रान्सच्या मार्सेलिन बर्थेलोने तो पुन्हा तयार करून त्याला आजचे नाव दिले. दोनच वर्षांनी जर्मनीतल्या फ्रीडरिश व्होलरने कार्बाइड आणि पाण्यापासून तो मिळवला. पण कार्बाइड करणेच इतके महाग होते की पुढची तीस वर्षे हा वायू प्रयोगशाळेबाहेर पडला नाही. १८९२ च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात, स्प्रे नावाच्या गावी, थॉमस विल्सन हा कॅनेडियन संशोधक विजेच्या भट्टीत चुना आणि डांबर तापवत होता. त्याला स्वस्तात ॲल्युमिनियम काढायचे होते आणि त्या वाटेवर आधी कॅल्शियम धातू हवा होता. भट्टीतून निघाले ते कार्बाइड. फ्रान्समध्ये आंरी म्वासाँही त्याच वर्षी विजेच्या भट्टीतून त्याच पदार्थापाशी पोहोचला होता. काही वर्षांत धबधब्यांच्या विजेवर कार्बाइडचे कारखाने उभे राहिले आणि पत्र्याच्या हवाबंद डब्यांतून ते विकले जाऊ लागले.

ॲसिटिलीनची ज्योत शुभ्र आणि प्रखर होती. शहरातल्या कोळशाच्या गॅसची पिवळसर ज्योत तिच्यापुढे फिकी पडे. जिथे गॅसची पाइपलाइन पोहोचली नव्हती, वीज तर फारच दूर होती, अशा शेतघरांना, चर्चना, रेल्वे स्थानकांना हा प्रकाश डब्यातून मिळणार होता. मग व्यापाऱ्यांच्या मनात पहिला विचार आला, की वायू दाबून, द्रवरूप करून बाटल्यांत भरावा. १८९६ मध्ये पॅरिस आणि बर्लिन इथे द्रवरूप ॲसिटिलीनचे भीषण स्फोट झाले, माणसे दगावली. पुढच्याच वर्षी ब्रिटनने द्रवरूप आणि दाबाखालच्या ॲसिटिलीनला स्फोटकांच्या रांगेत बसवले. साठवण्याची वाट तिथे बंद झाली. ज्या घटकेला जेवढा वायू लागेल तेवढाच तयार करायचा, दिवा विझला की निर्मितीही थांबली पाहिजे, आणि हे कोणी माणूस जवळ उभा नसताना घडले पाहिजे, असा नवा प्रश्न तंत्रज्ञांपुढे आला. स्वयंचलित जनरेटर जन्मला तो या गरजेतून.

सुरुवातीच्या बहुतेक यंत्रांत कार्बाइडवर पाणी ठिबकवत. कल्पना सोपी आणि यंत्र स्वस्त. पण तिच्यात दोन दोष होते. थोड्याशा पाण्यात खडा भिजला, की उष्णता वाहून न्यायला पाणीच उरत नाही. खड्यांचा ढीग आतून प्रचंड तापतो आणि त्या तापात वायूचे रेणू एकमेकांना चिकटून डांबरासारखा चिकट पदार्थ होऊ लागतो. दुसरा दोष अधिक फसवा. पाण्याची तोटी बंद केली तरी ओला चुना उरलेल्या खड्यांना पाणी पुरवत राहतो आणि वायू बराच वेळ येत राहतो. म्हणजे यंत्र ‘बंद’ केल्यानंतरही आत दाब वाढत असतो.

दुसरी पद्धत याच्या उलट. भरपूर पाणी तळाशी आणि वरून त्यात थोडे थोडे कार्बाइड सोडायचे. खडा पाण्यात बुडतो, उष्णता तिथल्या तिथे पाण्यात जाते, वायू पाण्यातून वर येताना थंड होतो आणि थोडाफार धुतलाही जातो. खडे टाकणे थांबवले की पाण्यात पडलेल्यांपुरतीच निर्मिती शिल्लक राहते. यंत्र अवजड होते, पाणी जास्त लागते, गाळ वारंवार काढावा लागतो. तरीही वेल्डिंगच्या मोठ्या कामांसाठी हीच पद्धत पुढे सर्वमान्य झाली.

खडे टाकणे आपोआप थांबायचे कसे, याचे सर्वांत देखणे उत्तर म्हणजे तरंगती घंटा. पाण्याने भरलेल्या पिंपात उपडे घातलेले पातेले असावे, तशी ही पत्र्याची घंटा असते. तयार झालेला वायू तिच्याखाली जमतो, तशी ती पाण्यातून वर उचलली जाते. तिला जोडलेली दांडी कार्बाइडच्या कोठीची झडप हलवते. घंटा ठरलेल्या उंचीवर आली की झडप मिटते आणि खडे पडायचे थांबतात. घरात कोणी दिवा लावला, वायू वापरला गेला, की घंटा बोटभर खाली येते. दांडी झडप ढकलते, चार खडे पाण्यात पडतात, फसफस होते आणि घंटा पुन्हा वर चढते. या सगळ्यात स्प्रिंग नाही, वीज नाही. वायूचा दाब घंटेच्या वजनावर ठरतो आणि तो पाण्याच्या काही इंच उंचीएवढाच राहतो. समजा झडप अडकली आणि वायू अति झाला, तर घंटेच्या कडेखालून किंवा खास नळीतून तो छपराबाहेर मोकळ्या हवेत निघून जातो. फुगून फाटण्याजोगी बंद जागा यंत्रात ठेवलेलीच नसते.

कारखान्यात जास्त दाब लागू लागला तेव्हा घंटेची जागा रबरी पडद्याने घेतली. दाब वाढला की पडदा फुगतो आणि कार्बाइड ढकलणारा स्क्रू थांबतो, दाब उतरला की स्क्रू फिरतो. यासोबत अडसर आले. वायूची झडप बंद करून आतला दाब उतरवल्याशिवाय कोठीचे झाकण उघडत नाही, आणि गाळ काढून नवे पाणी भरल्याशिवाय नवे कार्बाइड घालता येत नाही, अशी रचना झाली. कोठीत जेवढे कार्बाइड मावते त्याला पुरून उरेल एवढे पाणी टाकीत असलेच पाहिजे, हे मापही बांधतानाच ठरवतात. अगदी सगळे खडे एकदम पडले तरी पाणी उकळू नये, हा त्यामागचा हेतू. या वायूच्या एकेका खोडीवर यंत्रात एकेक उतारा बसवलेला आहे.

शेवटची खोड ज्योतीची. वेल्डिंगच्या टॉर्चचे नोझल कचऱ्याने तुंबले किंवा फार तापले, तर ज्योत उलटी फिरून नळीत शिरते. मागे ऑक्सिजनही ढकलला जातो आणि ही जोडी जनरेटरपर्यंत पोहोचली तर संपूर्ण टाकी उडते. तिला अडवते ते पाण्याचे कुलूप. जनरेटर आणि टॉर्च यांच्यामध्ये पाणी भरलेले एक छोटे भांडे असते. वायू पाण्याखाली उघडणाऱ्या नळीतून येतो आणि बुडबुड्यांनी पुढे जातो. ज्योत मागे आली तर भांड्यातल्या पाण्याजवळ विझते, आणि तिचा धक्का दुसऱ्या नळीने बाहेर पडतो. भांड्याच्या बाजूला पातळी पाहण्याची एक लहान तोटी असते. ती उघडल्यावर पाणी यायला हवे. काम सुरू करण्यापूर्वी आणि ज्योत एकदा मागे फिरल्यानंतर ती उघडून पाहणे, ही वेल्डरची पहिली शिस्त.

घराघरांतल्या प्रकाशासाठी असे जनरेटर अमेरिकेतल्या खेड्यांत अंगणात पुरलेले किंवा वेगळ्या खोपटात ठेवलेले असत. आगीचा विमा उतरवणाऱ्यांनी त्यांची तपासणी सुरू केली, तेव्हा ठिबक पद्धतीची कित्येक धोकादायक यंत्रे बाजारातून मागे पडली. याच काळात यंत्राची सर्वांत छोटी आवृत्ती हाताच्या मुठीत मावू लागली. न्यूयॉर्कच्या फ्रेडरिक बाल्डविनने १९०० मध्ये कार्बाइडच्या दिव्याचे पेटंट घेतले. वर पाण्याचा कप्पा, खाली कार्बाइडचा, मध्ये थेंब सोडणारी चावी. खाणकामगारांच्या टोप्यांवर आणि सायकलींवर असे दिवे चमकू लागले. आपल्याकडे जत्रेत आणि रात्रीच्या बाजारात फेरीवाल्यांच्या पाट्यांवर कार्बाइडचे दिवे जळत, त्यांचा उग्र वास जुन्या पिढीच्या लक्षात असेल. लसणासारखा हा वास ॲसिटिलीनचा नव्हे, कार्बाइडमधल्या फॉस्फरसमुळे तयार होणाऱ्या फॉस्फीनचा.

विजेच्या दिव्याने प्रकाशाचा धंदा हिरावून घेतला, पण तोवर ॲसिटिलीनला दुसरे काम मिळाले होते. १८९५ मध्ये आंरी ल शातेलिए याने दाखवले, की शुद्ध ऑक्सिजनबरोबर जाळल्यास या वायूची ज्योत ३००० अंश सेल्सियसच्या पुढे जाते. काही वर्षांत फ्रान्समध्ये वापरण्याजोगी टॉर्च तयार झाली आणि पोलाद जोडणे-कापणे हा या वायूचा मुख्य व्यवसाय बनला.

साठवण्याचा प्रश्नही नंतर सुटला, तोही मोठी किंमत मोजून. १८९६-९७ मध्ये जॉर्ज क्लोद आणि अल्बेर हेस यांनी ॲसिटिलीन ॲसिटोनमध्ये विरघळवून दाखवला. द्रावणातला वायू बराच शांत असतो, पण सिलिंडरमधल्या रिकाम्या जागेचा धोका उरत होता. स्वीडनच्या गुस्ताफ दालेनने सिलिंडर सच्छिद्र पदार्थाने ठासून भरला आणि तो ॲसिटोनने भिजवला. सूर्य उगवला की दीपगृहाचा वायू आपोआप बंद करणारी झडपही त्याचीच. १९१२ मध्ये सुरक्षेच्या चाचणीवेळीच झालेल्या स्फोटात दालेनचे डोळे गेले. त्याच वर्षी त्याला भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले आणि समारंभात त्याच्या भावाने ते स्वीकारले. आजचा मरून रंगाचा ‘डीए’ (डिझॉल्व्ह्ड ॲसिटिलीन, म्हणजे विरघळवलेला ॲसिटिलीन) सिलिंडर याच रचनेचा वारस आहे. तो उभाच ठेवायचा असतो, कारण आडवा केला तर वायूबरोबर ॲसिटोन बाहेर येते.

मात्र सिलिंडर आला म्हणून जनरेटर गेला नाही. डीए सिलिंडर भरणाऱ्या अनेक कारखान्यांत आजही कार्बाइड पाण्यात सोडूनच वायू बनतो, मग तो शुद्ध करून, दाबून सिलिंडरमध्ये विरघळवला जातो. भारतात या साखळीवर नजर ठेवणाऱ्या ‘पेसो’ या केंद्रीय स्फोटक सुरक्षा संस्थेचे मुख्यालय नागपुरात आहे. कार्बाइड कसे साठवावे आणि कसे वाहून न्यावे, हे कॅल्शियम कार्बाइड नियम, १९८७ सांगतात. आंबे आणि केळी पिकवायला कार्बाइड वापरण्यावर अन्नसुरक्षा नियमांनुसार बंदी आहे. त्यातून निघणारा वायू फळ पिकवतो खरा, पण सोबत आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंशही आणतो.

लहान गॅरेजांत आणि गावाकडच्या वेल्डिंगच्या दुकानांत मात्र पत्र्याची ठोकून केलेली टाकी अजून दिसते. तिच्यावर दाबाची झडप नसते, पाण्याचे कुलूप कोरडे पडलेले असते आणि नळीचे तोंड तारेने आवळलेले असते. एका शतकाच्या अपघातांतून घडलेले सगळे उतारे काढून टाकले, की मागे उरतो तो केवळ वायू बनवणारा डबा. अशा टाकीला गळती लागली, तर मिस्त्री ती रिकामी करतो आणि लगेच डाग द्यायला घेतो. बहुतेक मोठे अपघात याच क्षणी घडतात. रिकाम्या दिसणाऱ्या टाकीच्या कानाकोपऱ्यात ओल्या चुन्याखाली कार्बाइडचे कण शिल्लक असतात आणि ते वायू सोडत राहतात. आत हवा शिरलेली असल्यामुळे मिश्रण पेटायला तयारच असते. गाळ उघड्या जागी, आगीपासून दूर टाकावा. टाकी आतून पुन्हा पुन्हा धुवावी. दुरुस्तीच्या वेळी ती पाण्याने काठोकाठ भरून, डाग द्यायच्या जागेपुरतीच मोकळी ठेवावी आणि त्या मोकळ्या जागेतली हवा बाहेर जायला वाट ठेवावी. अनुभवी कारागीर त्याहून सोपा मार्ग धरतात. गळकी टाकी ते भंगारात देतात आणि प्रमाणित यंत्र किंवा सिलिंडर घेतात.