विश्लेषण : पावसाचा ११ हजार वर्षांचा हिशेब लोणारच्या गाळात कसा?

अमडापूर परिसरात सोयाबीन आणि तुरीचे पीक बहुतांशी पावसाच्या भरवशावर असते. पण हा पाऊस पूर्वी किती बेभरवशाचा होता? भारतीय हवामान विभागाची स्थापना १८७५ची. देशभरातील पद्धतशीर नोंदी साधारण दीडशे वर्षांच्याच. त्यामागचा काळ उलगडते ते भूविज्ञान आणि त्याचा महत्त्वाचा पुरावा बुलढाणा जिल्ह्यातच, लोणार सरोवराच्या तळाशी आहे.

लोणारच का?

उल्कापाताने बेसॉल्ट खडकात तयार झालेले हे विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. त्यातून पाणी बाहेर नेणारी नदी नाही. त्यामुळे पाऊस वाढला की पाणी चढते, घटला की उतरते. काठावरून वाहून आलेली माती, झाडपाला, परागकण तळाशी बसतात. गाळाचा खालचा थर जुना, वरचा नवा.

गाळ कसा ‘वाचतात’?

भारतीय आणि जर्मन शास्त्रज्ञांनी तळातून सुमारे १० मीटर लांबीचा गाळाचा नमुना काढला. वनस्पतींच्या अवशेषांतील कार्बनवरून थरांचे वय ठरवले जाते. परागकणांवरून त्या काळची झाडे कळतात. काही थरांत गेलुसाइट या खनिजाचे स्फटिक मिळाले. पाणी आटून क्षार दाटले की ते तयार होतात. म्हणजेच ती कोरड्या काळाची खूण.

काय आढळले?

२०१४मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार, सुमारे ४,६०० ते ३,९०० आणि २,००० ते ६०० वर्षांपूर्वी मध्य भारतात मान्सून दीर्घकाळ कमजोर होता. पाऊस थांबला नव्हता, पण काही दशके ते शतके तो कमी पडत राहिला. या दोन कोरड्या कालखंडांच्या मधल्या काळात शेती करणाऱ्या वस्त्या बहरल्या. हिंदी व प्रशांत महासागरांदरम्यानच्या उष्ण समुद्राचे तापणे हे या दुष्काळांमागचे मोठे कारण असल्याचे अभ्यासकांचे म्हणणे आहे.

मग आजचा बदलही नैसर्गिकच?

नाही. अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांनुसार, औद्योगिक काळापूर्वीच्या आठ लाख वर्षांत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दहा लाख भागांत सुमारे ३०० भागांपलीकडे गेले नव्हते. आज ते ४२०च्या वर आहे. ही वाढ मुख्यतः कोळसा, तेल आणि वायू जाळल्याने झाली.

अमडापूरसाठी याचा अर्थ काय?

इथल्या काळ्या मातीखाली तोच बेसॉल्ट आहे. या खडकात पाणी प्रामुख्याने भेगांत आणि झिजलेल्या थरात साठते. साठा मर्यादित असल्याने पाऊस कमी झाला की विहिरी लवकर तळ गाठतात. जुना दुष्काळ पुन्हा तसाच येईल, असे गाळ सांगत नाही. पण समुद्र आजही तापतो आहे आणि मान्सून अनेक दशके कमजोर राहू शकतो, हे लोणारने दाखवले आहे. त्यामुळे पाण्याचे नियोजन एका चांगल्या पावसाळ्यावर बेतणे धोक्याचे. शेततळी, विहीर पुनर्भरण आणि पाण्याचा ताळेबंद ही कामे पाऊस चांगला झाला त्या वर्षीही व्हायला हवीत.